समई-निरांजनाच्या वाती घरी वळताना

वातींची पाकिटं बाजारात इतकी स्वस्त मिळतात की घरी वळायचा खटाटोप कशाला, असं कुणालाही वाटेल. पण त्यातली फुलवात निरांजनात ठेवली की कलंडते, नाहीतर निम्मं तूप शिल्लक असतानाच शांत होते. लांबवात समईच्या खाचेत शिरत नाही, आणि शिरली तर घसरून तेलात पडते. त्यात वळणाऱ्याचा दोष नाही. तुमची समई केवढी, तिची खाच किती रुंद, निरांजन उथळ की खोलगट, हे त्याला कुठून ठाऊक असणार? वात दिव्याच्या मापानं लागते, आणि ते माप फक्त तुमच्याच घरात आहे. शिकायला एक दुपार पुरते. हात बसायला थोडा वेळ लागतो, तो लागू द्यावा.

कापूस हातात घेण्याआधी एवढं समजून घ्या. दिव्यात जळतं ते तेल, वात नव्हे. वातीचं काम तेल वर पोचवण्याचं. धाग्यांमधल्या बारीक फटींतून तेल चढतं, ज्योतीच्या उष्णतेनं टोकाशी त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटते. तेल येत राहतं तोवर कापूस बराचसा शाबूत असतो. तेल पोचेनासं झालं की मग कापूसच जळायला लागतो. वात फार घट्ट वळली तर फटी बुजतात आणि तेल अडतं. फार सैल राहिली तर टोक पिंजारतं, ज्योत भडकते आणि छताला काजळी धरते. नवशिक्याचा हात हमखास घट्ट पडतो, कारण घट्ट वात दिसायला सुबक दिसते. तो मोह टाळायचा.

कापूस कुठला घ्यायचा

माझ्या मते निम्मं काम इथेच होतं, म्हणून इथे जरा थांबू.

परसात किंवा गच्चीवरच्या मोठ्या कुंडीत देवकापशीचं झाड असेल तर प्रश्नच मिटला. हे झाड बारमाही असतं आणि बोंडं एकदम न फुटता थोडी थोडी फुटत राहतात, त्यामुळे घरच्या वातींपुरता कापूस निघत राहतो. बोंडं पूर्ण उमलून कोरडी झाल्यावर, दव सुकल्यावर वेचायची. ओला कापूस डब्यात कोंडला की पिवळा पडतो.

विदर्भ, मराठवाडा, खानदेशात कुणी ओळखीचं असेल तर शेतातला पसाभर कापूस मागवता येतो. मात्र शेतातून येतो तो सरकीसकट. त्यातून साधारण तिसरा हिस्साच रुई निघते. म्हणजे शंभर ग्रॅम कापसातून तेहतीस-पस्तीस ग्रॅम, बाकी सगळी सरकी. हे माहीत नसलं की पिशवीभर कापसाची मूठभर रुई पाहून वाईट वाटतं. घरच्याघरी सरकी काढायची असेल तर गुळगुळीत पाटावर कापसाची पातळ चिमूट ठेवा आणि वरून लोखंडी सळई दाबून पुढे लाटत न्या. रुई सळईच्या मागे राहते आणि सरकी पुढे टपकन बाहेर पडते. चार-दोन बोंडांचा कापूस असेल तर नखांनी ओढूनही निघते.

शहरात तिसरा मार्ग: औषधाच्या दुकानातली कापसाची गुंडाळी. ती धुऊन-विरंजित केलेली, पांढरीशुभ्र असते. कच्च्या कापसावर निसर्गतः मेणाचा पातळ थर असतो, म्हणून तो पाण्यावर तरंगत राहतो. औषधी कापसाचं मेण काढून टाकलेलं असतं, म्हणून तो काही सेकंदांत पाणी पिऊन बुडतो. जखमेसाठी तसाच हवा. दिव्याला मात्र पाणी प्यायचं नसतं, तेल प्यायचं असतं, आणि तेलाला त्या मेणाचा काहीच अडथळा होत नाही. उलट औषधी कापूस पावसाळी हवेतली ओल पटकन धरतो आणि वात तडतडते. म्हणून मी कच्च्या रुईला झुकतं माप देते. पण औषधी कापसाच्या वाती होत नाहीत असं नाही. जळण्यापूर्वी उन्हात चांगल्या तापवून घेतल्या की झालं.

परदेशात राहणाऱ्यांपुढे बहुतेक एवढाच पर्याय असतो, तोही गोळ्यांच्या किंवा चकत्यांच्या रूपात. तिथे नीट बघून घ्या, कारण चेहरा पुसायच्या चकत्यांमध्ये बरेचदा पॉलिएस्टर किंवा व्हिस्कोज मिसळलेलं असतं. घरच्याघरी परीक्षा सोपी आहे. चिमूटभर कापूस चिमट्यात धरून ओट्यावर, पाण्याची वाटी जवळ ठेवून पेटवा. कापूस असेल तर जळक्या कागदासारखा वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते, बोट लावलं की भुगा होते. पॉलिएस्टर असेल तर वितळून आक्रसतं आणि शेवटी काळा टणक मणी उरतो. असा मणी दिसला तर ते पाकीट वातींसाठी बाद. व्हिस्कोज मात्र कापसासारखंच जळतं, ते या परीक्षेत सापडत नाही. त्यासाठी पाकिटावर शंभर टक्के कापूस लिहिलंय का ते वाचायचं. सुगंधी किंवा लोशन लावलेल्या चकत्यांच्या वाटेला जाऊच नका.

जुन्या गादीतला कापूस? नको. त्यात धूळ असते, धागे तुटून आखूड झालेले असतात, आणि आखूड धाग्यांची वात वळताना हातात सुटून येते.

कापूस मोकळा करणं

वळण्याआधी कापूस पिंजायचा. आपल्या दोन-चार वातींसाठी पिंजाऱ्याच्या धनुकलीची गरज नाही, बोटं पुरतात. दोन्ही हातांच्या चिमटीत कापसाचा झुबका धरा आणि हलक्या हाताने विलग करा, पुन्हा एकावर एक ठेवा, पुन्हा विलग करा. असं करताना सरकीचे तुकडे, पानांचा चुरा आणि कापसाच्या बारीक गाठी वेचून काढत जा. गाठ राहिली की वातीत तिथे तेल अडखळतं, आणि ज्योत त्या जागी आली की तडतडते. सात-आठ वेळा उलटसुलट केलं की कापूस पिसासारखा हलका होतो आणि धागे ढोबळ मानानं एका दिशेला येतात. उजेडाकडे धरून पाहिला तर सगळीकडे सारखा दिसला पाहिजे, ढगाळ ठिपके नकोत.

पंखा बंद करा. हे वाचून हसू येईल, पण पहिल्या दिवशी सोफ्याखालून कापूस गोळा करताना येणार नाही.

फुलवात

निरांजनासाठी फुलवात. सुरुवात हिच्यापासून करा, कारण बिघडली तरी उलगडून पुन्हा वळता येते.

सुपारीएवढा मोकळा कापूस घ्या. तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटांनी चहूबाजूंनी ओढत चार-पाच सेंटिमीटर व्यासाची पातळ चकती करा. मधोमध किंचित जाड, कडेला विरळ. आता सगळ्या कडा आत, मध्याकडे दुमडा म्हणजे बैठक गोल आणि भरीव होते. मग ही चकती उलटी करून डाव्या हाताच्या बोटांवर धरा आणि उजव्या हाताच्या चिमटीने मध्यातला कापूस वर ओढा. पूर्ण ओढून काढायचा नाही, शेंडी उभी राहील एवढाच. शेंडीला अंगठा आणि तर्जनी यांच्यात एकाच दिशेने पीळ द्या. दिशा बदलली की आधीचा पीळ उकलतो. लहान मुलांना वळायला बसवलं की ही चूक सगळ्यात जास्त होते.

बोटं कोरडी असली तर कापूस निसटतो. म्हणून घरोघर बोटांना काही ना काही लावतात: कुणी दूध, कुणी पाणी, कुणी भस्म. दुधाने शेंडी ताठ राहते हे खरं, पण वात नंतर उन्हात खडखडीत वाळवली नाही तर पावसाळ्यात तिला वास येतो आणि बुरशी धरते. भस्माने पकड छान येते, फक्त चिमूट एवढीशी घ्यायची. राख धाग्यांत जास्त शिरली तर तेलाची वाट अडते. मला विचाराल तर लगेच वापरायच्या वातींसाठी बोटाला तूप लावणं उत्तम. ते वाळवायला नको, आणि पहिली ज्योत पटकन धरते.

शेंडी किती उंच? निरांजनाच्या काठावरून अर्धा सेंटिमीटर डोकावेल इतकी. निरांजन उथळ असेल तर एकूण एक-सव्वा सेंटिमीटरची शेंडी पुरते. बैठक निरांजनाच्या तळाला सगळीकडून टेकली पाहिजे, म्हणजे कलंडत नाही. पण बैठक वाटीभर मोठी केली तर तुपाला जागाच उरत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

पंचारतीसाठी पाच वाती करताना त्या एकाच जाडीच्या करायचा प्रयत्न करा. एक जाड झाली की ती आरती संपण्याआधी आपलं तूप संपवते आणि ताम्हनात चार ज्योती उरतात.

समईची लांबवात

इथे हाताची खरी परीक्षा.

मोकळ्या कापसाची बोटभर रुंदीची पट्टी घ्या. दोन्ही टोकांना धरून सावकाश ओढा. तुटेपर्यंत नाही, धागे एकमेकांवरून सरकत लांबतील इतकंच. सगळीकडे सारखी जाडी राहील याकडे लक्ष. मग ती उलट्या ताटाच्या पाठीवर किंवा पाटावर ठेवून तळव्याने एकाच दिशेने लाटा. जुन्या बायका हे मांडीवर करत, आणि मांडीवर वात खरोखरच चांगली वळते, कारण कापड कापसाला किंचित धरून ठेवतं. सलवार किंवा सुती परकर असेल तर करून बघा. जीन्सवर मात्र धागे अडकतात.

साध्या घरगुती समईला वळून झालेली वात दहा-बारा सेंटिमीटर लांब आणि अडीच-तीन मिलिमीटर जाड पुरते. त्याआधी तुमच्या समईची खाच बघा. वात खाचेत बसवल्यावर तिच्या अंगाला तेल लागायला थोडी मोकळीक हवी. खाच गच्च भरली की दाबामुळे तिथेच वात आवळली जाते आणि पुढे तेल जात नाही. वात बारीक असेल तर दोन वाती जोडून लावा. आपल्याकडे समईत एकेरी वात न लावता जोडवात लावायची रीत बऱ्याच घरांत आहे. तिचा व्यवहारातला फायदाही होतो: दोन वातींच्या मधल्या फटीतून तेल झपाझप चढतं आणि एखादी विरळ निघाली तर दुसरी सांभाळून घेते.

पीळ योग्य आहे का, हे ओळखायची साधी खूण सांगते. वात मधोमध धरून दोन्ही टोकं एकमेकांकडे आणा. अंगाभोवती गरगर वेटोळं घेऊन दोरी झाली तर पीळ जास्त झाला. उलट दिशेने दोन-चार वेढे काढा. नुसती कमान करून राहिली तर बरोबर. टोक दोन बोटांत धरून हलकेच ओढल्यावर धागे निघून आले तर पीळ कमी.

ज्या टोकाला ज्योत लावायची, तेवढं टोक जरा निमुळतं ठेवा. कात्रीने कापू नका. कापलेलं टोक बोथट होतं आणि पेटायला वेळ लावतं. बोटांनी तोडलं की धागे आपोआप निमुळते होतात.

दोन-चार लांबवाती नीट जमल्या की बाकीचं आपोआप येतं. कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेला शंकरापुढे लावायची त्रिपुरवात म्हणजे पुष्कळ धाग्यांचा जुडगा, आणि लक्षवातीचा नेम करणाऱ्या बायका तर चातुर्मासभर सूत मोजत बसतात. त्याची घाई नवशिक्याने करू नये. देवाची कापसाची वस्त्रं मात्र याच हातोटीची आहेत: पातळ पट्टी, ठरावीक अंतरावर पीळ, मध्ये कुंकवाचं बोट. वातींचा कापूस उरला तर तीच करा.

लावताना

कोरडी वात कधीच पेटवू नका. निदान दोन-तीन मिनिटं तेलात बुडवून ठेवा, मग बोटाने हलकं निथळून खाचेत बसवा. कोरड्या वातीचं टोक पहिल्या झटक्यातच कोळसा होतं आणि त्या कोळशातून तेल नीट चढत नाही. मग ‘वातच वाईट’ म्हणून ती फेकली जाते.

समईत ज्योतीचं टोक खाचेबाहेर अर्धा सेंटिमीटर असावं. तेवढ्यात ज्योत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच, स्थिर राहते. जास्त बाहेर काढली तर धूर. अगदी काठाशी ठेवली तर धातू उष्णता ओढून घेतो आणि ज्योत मिणमिणते.

तेल कोणतं, यावर घरोघरी मतं आहेत आणि मी त्यात पडत नाही. एकच गोष्ट वातीशी निगडित आहे. खाद्यतेल घट्ट असतं, ते वातीतून फार उंच चढत नाही. म्हणून समईत तेलाची पातळी खाचेच्या जवळ ठेवा आणि खाली गेली की भरत राहा. खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली थिजतं, त्यामुळे थंडीत पहाटे खोबरेलाची समई पेटत नाही. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात तिळाचं किंवा शेंगदाण्याचं तेल बरं. तुपाचंही तसंच, पण निरांजनात वात तुपाच्या इतकी जवळ असते की एकदा ज्योत धरली की तूप आपोआप वितळतं. पहिल्यांदा थोडं पातळ करून घातलं म्हणजे झालं.

रॉकेल समईत किंवा पणतीत घालायचं नाही. अजिबात नाही. खाद्यतेलाची वाफ पेट घ्यायला तीनशे अंशांच्या आसपास तापावं लागतं. रॉकेलची वाफ ३५-४० अंशांच्या आसपासच पेट घेऊ शकते, म्हणजे उन्हाळ्यातल्या दुपारच्या हवेइतक्या तापमानाला. कंदिलाची पट्टी आणि वातीच्या स्टोव्हच्या वाती झाकलेल्या टाकीत, घट्ट बसणाऱ्या नळीत असतात त्या याच कारणासाठी. त्या वाती विणलेल्याच लागतात. हाताने वळलेली वात तिथे घालू नका.

वात नीट जळत नसेल तर

ज्योत लावल्यावर पाच मिनिटांत लहान होत गेली, तर बहुतेक वेळा पीळ घट्ट आहे किंवा वात खाचेत आवळली आहे. समई शांत करून, थंड झाल्यावर वात काढून चिमटीत सैल करा आणि पुन्हा बसवा.

तडतड आवाज येत असेल तर ओल. तेलात पाण्याचा थेंब गेलेला असतो (समई धुऊन नीट न पुसता तेल घातलं की हे होतंच) किंवा वातीला लावलेलं दूध वाळलेलं नसतं. आषाढातल्या दिव्यांच्या अवसेला घरातले सगळे दिवे घासूनपुसून पुजतात. त्या दिवशी संध्याकाळी समया तडतडतात त्याचं कारण हेच. धुतलेली समई तासभर उन्हात ठेवा, पावसात गॅसच्या उबेजवळ.

टोकावर काळा गोंडा जमतो, ती काजळी. ती सगळ्याच सरळ वातींवर जमते, तुमची वात वाईट असं नाही. १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये कांबासेरेस नावाच्या माणसाने मेणबत्तीची वात वेणीसारखी गुंफली, तेव्हा ती जळताना वाकून ज्योतीच्या बाहेरच्या, जास्त तप्त भागात जाऊ लागली आणि टोक आपोआप जळून जाऊ लागलं. त्याआधी मेणबत्त्यांचीही टोकं कात्रीने छाटावी लागत. आपल्या हातवळणीच्या वाती त्या जुन्या जातीच्या. तेव्हा अधूनमधून पितळी चिमट्याने काजळी झाडायची आणि वात मिलिमीटरभर पुढे सारायची. पुढे सारताना बोट लावू नका, चिमटाच वापरा. तेलाचा चटका पाण्याच्या चटक्यापेक्षा जास्त वेळ टिकतो.

काळा धूर येतोय? वात लांब बाहेर आलीय किंवा फार जाड आहे. फुलवात मध्येच शांत होतेय? शेंडी बैठकीपासून तुटल्यासारखी झालेली असते. बैठकीतला कापूस आणि शेंडीतला कापूस एकच सलग असायला हवा. वेगळी गोळी करून वर शेंडी चिकटवली की तूप तिच्यापर्यंत पोचतच नाही.

करून ठेवायच्या असतील तर

श्रावण लागायच्या आधी किंवा गणपतीपूर्वी एकदाच बसून वळून ठेवणं सोयीचं. कोरड्या वाती उन्हात वाळवून काचेच्या बरणीत ठेवा, तळाशी चार तांदळाचे दाणे किंवा दोन लवंगा. लांबवाती गुंडाळू नका, सरळ ठेवा. गुंडाळीत पीळ बिघडतो.

तुपात भिजवलेल्या फुलवाती करायच्या तर बर्फाच्या ट्रेत एकेका खणात वात ठेवून वरून पातळ तूप ओता आणि फ्रिजमध्ये थिजवा. शेंडी तुपाबाहेर राहिली पाहिजे. चिमूटभर भीमसेनी कापूर घातला तर वास छान येतो, पण जास्त घातला की वात भरभर जळते. तयार तूपवाती विकत घेत असाल तर डबीवरचे घटक वाचा. ‘तूप’ म्हणून वनस्पती तूपही खपवलं जातं.

या तुपाच्या वातींची आणखी एक भानगड आहे, आणि ती जुन्या वाड्यांइतकीच नव्या फ्लॅटमध्येही असते: उंदीर. तुपाच्या वासाने ते वाती पळवतात, आणि पेटती वातही ओढून नेतात. देव्हाऱ्यात मखमली आसन, कागदी हार, मागे पडदा असेल तर त्यातून काय होईल ते सांगायला नको. रात्रभर दिवा ठेवायचा असेल, नवरात्रातला नंदादीप असेल, तर त्यावर काचेचं उघडं झाकण किंवा जाळीचं झाकण ठेवा, वरून हवा जायला जागा ठेवून. खाली परात, परातीत बोटभर वाळू. आणि साठवणीची बरणी फिरकीच्या झाकणाची घ्या. प्लॅस्टिकची डबी उंदीर रात्रीत कुरतडतो.